शूर मुलीचा आजार

आमच्या घरात 'रक्तातच असतं' हे वाक्य उच्चारायला बंदी होती. एखादा पाहुणा चुकून तसं बोललाच, तर बाबा हातातला कप खाली ठेवायचे आणि पुढे बराच वेळ त्या बिचाऱ्याचा चहा गार होत बसायचा. माणूस जन्माने ठरत नाही, परिस्थितीने घडतो, आणि परिस्थिती बदलता येते. हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. अक्षरंही पत्रकांवरूनच शिकले. कळंबोलीच्या आमच्या दीड खोलीत बाबांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांवर बसून आम्ही जेवायचो आणि उरलेले पलंगाखाली ढकलायचो.

त्यामुळे नेरूळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मॅडमनी माझ्या आजाराबद्दल बोलताना 'जनुकं' हा शब्द काढला, तेव्हा मला धड उभं राहता येत नव्हतं तरी मी भांडायला उठले.

ते भांडण कसं मिटलं, आणि त्यानंतर बाबांना एक वाक्य सांगायचं होतं ते मला सांगता आलं का, एवढंच इथे लिहिते आहे. उपचार अजून चालू आहेत. ज्यांच्या घरात या आजाराचं नावही कुणी घेत नाही, त्यांच्या हाती हे पडावं असं वाटतं.

छाती

मी कामगारांच्या एका छोट्या मासिकात लिहिते. वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडींची सभा होती, तिथे गेले होते. सभा चालू असताना पोलिसांची जीप येऊन कोपऱ्यात थांबली. काही झालं नाही. हवालदार उतरला, चहाच्या टपरीवर गेला, एवढंच. पण माझे हात बर्फासारखे झाले, तोंड कोरडं पडलं आणि छातीत कुणीतरी आतून दार ठोकायला लागलं. मी कांद्याच्या गोण्यांवर बसले.

"मॅडम, ऊन लागला काय? पानी पिऊन घ्या," एक हमाल म्हणाला.

"हो, ऊनच," मी म्हणाले.

मग ते दारावरच्या बेलने होऊ लागलं, कुकरच्या शिट्टीने होऊ लागलं. पुढे पुढे कशानेच नाही, आपोआप. सुरू होणं एक वेळ चाललं असतं, पण ते थांबायचंच नाही. सकाळी बेल वाजली की दुपार उलटेपर्यंत मी जिना चढून आल्यासारखी धापा टाकत असायचे. नंतर नंतर ती धापही बरी होती असं वाटू लागलं, कारण तिच्या मागून एक रिकामपण आलं. अंघोळ नको, जेवण नको, फोन नको. लिहिण्याला तर मी हातही लावत नव्हते. जगणं एखाद्या न संपणाऱ्या मीटिंगसारखं झालं होतं आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मी निदान स्वतःच करून टाकलं होतं: तळोज्याची हवा. बाबा तिथल्या रंगाच्या रसायनांच्या कारखान्यात होते, मी त्या वासात वाढले. हृदय बिघडलंच असणार. लेखाचं शीर्षकसुद्धा तयार होतं. मग तपासण्या झाल्या आणि हृदय ठणठणीत निघालं. त्या रिपोर्टवर मी खरोखर नाराज झाले. हृदय बिघडलेलं असतं तर मालकाला कोर्टात खेचता आलं असतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी मला एक मजला वर पाठवलं.

"मग?"

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसतील. आई माझ्याबरोबर होती. मॅडमनी झोप, भूक, मरणाचे विचार येतात का, सगळं सरळ विचारलं. मीही सरळ सांगितलं. आईने ते पहिल्यांदाच ऐकलं. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

"लहानपणी काही भीती, ताण?"

"नाही. माझं लहानपण अभिमानास्पद होतं."

आई भिंतीकडे बघू लागली.

पुरावा म्हणून मी मॅडमना जीपची गोष्ट सांगितली. ती मी असंख्य सभांमध्ये सांगितली आहे आणि बाबांनी माझ्याहून जास्त वेळा. कारखान्यात टाळेबंदी झाली होती. बाबांवर खोट्या केसेस घातल्या होत्या. सकाळी शाळेची तयारी चालू असताना पोलीस आले. आमच्या घरात रडायची पद्धत नव्हती. कुणाला पकडून नेलं की सगळ्यांनी दारात उभं राहून घोषणा द्यायच्या, पोरांनीसुद्धा. आणि बाबा निघताना नेहमी 'जातो' म्हणायचे. सगळं जग 'येतो' म्हणतं, 'जातो' म्हणणं अशुभ मानतं, म्हणूनच ते मुद्दाम म्हणायचे. शब्दाने काही होत नाही हे आम्हाला कळावं म्हणून. त्या दिवशीही जीपमध्ये चढताना म्हणाले, "जातो गं." आणि मी, सहा वर्षांची, एका पायात मोजा, मूठ वर करून अशी घोषणा दिली की अख्खी वस्ती माझ्यामागून ओरडली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वळणावर जीप दिसेनाशी झाली.

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"मग काय?"

"जीप गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. आमची गोष्ट जीप वळली की संपायची. त्यापुढे टाळ्या असायच्या. मी आठवायला गेले तर तिथे काहीच नव्हतं.

"पलंगाखाली गेली," आई भिंतीकडे बघतच म्हणाली. "पत्रकांच्या गठ्ठ्यांमागे. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली. तिथंच... कपडे ओले केले होते तिनं. नंतर कित्येक महिने कुणी दार वाजवलं की तिथंच जायची."

मी आईकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

त्या दिवशी कागदावर माझ्या आजाराचं नाव पडलं: नैराश्य, आणि पॅनिकचे झटके. मॅडम म्हणाल्या, काही दिवस ॲडमिट व्हा. घरी जाताना रिक्षात आई एकदाच बोलली, "मी पण घाबरले होते. पण मला कोण विचारणार होतं?"

वॉर्ड

आत जाताना पायजम्याची नाडी काढून घेतात. मला वाटलं होतं, चीड येईल. चीड आली नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. आमची सगळी कमाई म्हणजे ती चीड होती.

सकाळी ब्लडप्रेशर. मग गोळ्या. "तोंड उघडा. जीभ वर. हं." चहा, उपमा, पुन्हा पडून राहणं. मधल्या खोलीत टीव्ही, त्यावर कायम कुणाचं तरी लग्न मोडत असायचं. खिडकीतून खाडीकडची झाडं आणि त्यापलीकडे पाण्यावर गुलाबी ठिपके दिसायचे. ते फ्लेमिंगो आहेत हे मला माहीत होतं. त्यांची जागा वाचवण्याच्या पत्रकाचा मसुदाही मीच केला होता. आता ते नुसते ठिपके होते.

चळवळीतला एकटेपणा बाहेरच्यांना समजणार नाही. मी कधीच एकटी नव्हते. आमच्याकडे जेवायला कायम परकी माणसं. पण 'आपलं दुःख' असायचं, 'माझं' काढलं की ते लहान वाटायचं. त्यामुळे वॉर्डात पडल्यावर कळेना की कुणाला फोन करावा. साथी खूप होते. मोर्चाला बोलावलं असतं तर शेकड्याने आले असते. मला फक्त एक माणूस हवा होता, शेजारी बसून काही न बोलणारा, आणि तशा माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता.

बाबा आले नाहीत. आईच्या हाती त्यांनी वाचायला अंक पाठवले आणि निरोप: "तिला म्हणावं, रिकामं डोकं नको ठेवू."

शेजारच्या खाटेवर करावेगावच्या हिराबाय होत्या. लहानपण मिठागरात गेलेलं, आता चाळीच्या मालकीण. कित्येक आठवडे त्यांना झोप नव्हती म्हणून मुलाने आणून ठेवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातली सुकटीची चटणी माझ्या ताटात वाढली.

"खा गो पोरी. गोली उपाशी पोटी नाय लागू होत."

"मी घेत नाही गोळ्या. गालात धरते आणि नंतर थुंकते," मी हळूच म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता. समाज बिघडलेला असताना मी का म्हणून दुरुस्त व्हायचं?

"मंग हितं कशाला आयलीस? एसी हाय म्हनून?"

त्या दिवसापासून मी थुंकणं बंद केलं. पटलं होतं असं नाही.

टाचलेली पानं

मॅडमशी भांडण झालं ते त्यानंतर. मी विचारलं होतं, माझीच ही अवस्था का? माझ्याबरोबर घोषणा देणारी बाकीची पोरं तर संसार करतायत. मॅडम म्हणाल्या, याला एक कारण नसतं, पण लहानपणचा ताण मेंदूतल्या जनुकांच्या कामावर परिणाम करतो असं दिसतं.

"म्हणजे शेवटी रक्तच?" मी उठून उभी राहिले. "जात जन्माने, अक्कल जन्माने, आता दुखणंही जन्माने! हे ऐकायला मी इथे आलेले नाही."

"बसा. चक्कर येईल. मी नेमकं उलटं सांगतेय." त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं आणि मधली काही पानं क्लिपने टाचून टाकली. "यातलं एक अक्षर तरी बदललं का?"

"नाही."

"पण ही पानं आता वाचता येतील?"

"नाही."

"जनुकांचं तसंच. मजकूर जन्मताच मिळतो, पण कुठलं पान किती वाचलं जाईल हे बऱ्याच अंशी नंतर ठरतं. बारीक रासायनिक खुणा लागतात. काही पानं टाचली जातात, काही सताड उघडी राहतात."

"कोण टाचतं?"

"अन्न. आजार. माया. भीती. तुमच्या भाषेत, परिस्थिती."

मी बसले.

मग त्यांनी सावकाश समजावलं. भीती वाटली की शरीर एक रसायन सोडतं, धावायला, लढायला. ते मेंदूपर्यंत पोचलं की तिथल्या पेशी ते ओळखतात आणि 'आता पुरे' असा निरोप उलट पाठवतात. ते ओळखणारे हात बनवण्याची कृती एका जनुकात असते. लहानपणी भीती वारंवार आली, आणि जवळ घेणारं कुणी नसलं, तर ते पान कमी वाचलं जाऊ शकतं. हात कमी पडतात. गजर वेळेवर होतो, पण थांबत नाही.

"प्राण्यांमध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. माणसांत खुणा सापडतात, पण गुंतागुंत फार आहे. तुमच्या डोक्यात हेच झालंय असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. तशी तपासणीही नाही. कुणी करून देतो म्हणालं तर लांब राहा. अशा प्रत्येक मुलाला आजार होतो असंही नाही. आणि टाचलेलं कायमचंच असतं असंही नाही. गोळ्या, बोलणं, झोप, सुरक्षित माणसं यांनी मेंदू शिकतो. हळूहळू."

वॉर्डात परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: सायरन.

बाबांच्या कारखान्यात गॅस गळतीचा सायरन होता. तो वाजला की पॅनेलवर जाऊन, गळती तपासून, सायरन बंद करणारा एक माणूस पाळीवर असायचा. मालकाने खर्च वाचवायला ती जागाच रद्द केली. मग सायरन वाजला की वाजतच राहायचा, अख्ख्या पाळीच्या डोक्याचा भुगा व्हायचा आणि शेवटी खरी गळती कुठली, खोटी कुठली, कुणाला कळेना. बाबांनी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं ते त्यावर. मी वाचलेलं पहिलं पत्रकही बहुतेक तेच.

संध्याकाळी मी पेन मागून घेतलं. आजारी पडल्यापासूनचं पहिलं लिखाण. 'भीती आणि उपासमार आपल्या लेकरांच्या पेशींत शिरते आहे!' असं सुरू होऊन शेवटी मागण्या. हिराबायना वाचून दाखवलं. पलंगाखालचं त्यांना मी एका जागत्या रात्री सांगितलं होतं.

"बरा लिवलाय," त्या म्हणाल्या. "पन तू पलंगाखाली गेलतीस ता कुठं हाय यात?"

ते त्यात नव्हतं. मी पुन्हा जीप वळेपर्यंतचीच गोष्ट लिहिली होती.

एक वाक्य

मॅडम म्हणाल्या, जमलं तर पलंगाखालचं ते वडिलांशी बोला. सगळं नको, एक वाक्य. मी वाक्य ठरवलं: 'त्या दिवशी मला भीती वाटली होती.'

आईने हात जोडले. "नको. त्यांना नको सांगूस. नोकरी गेली, गुडघे गेले, युनियन फुटली. त्यांच्याकडं तेवढंच उरलंय बघ, तू मूठ वर केलीस ते."

तिचं खरं होतं, आणि त्यानेच माझी झोप गेली. दोष द्यायचा तरी कुणाला? टाळेबंदी मालकाने केली. जीप सरकारने पाठवली. पण मुलांनी रडायचं नाही, हा नियम आमच्याच माणसांनी केला होता, आणि तो प्रेमाने केला होता. बाबांचा लढा बरोबर होता असं मी आजही म्हणते. उद्या पुन्हा टाळेबंदी झाली तर मी पुन्हा गेटवर असेन. मला फक्त एवढं हवं होतं की त्या शूर मुलीला पलंगाखालून कुणीतरी हाक मारावी.

बाबा आले ते भेटीच्या वेळेत, घामाघूम, खांद्यावर शबनम पिशवी. दारातच वॉर्डबॉयला विचारलं, "काय रे, परमनंट की कॉन्ट्रॅक्ट?" तो बिचारा घाबरून नर्सकडे बघायला लागला. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. माझ्याकडे नीट बघवेना त्यांना. मनगटं फार बारीक झाली होती माझी. म्हणून ते हिराबायशी बोलू लागले.

"ही कोण आहे माहितीय का तुम्हाला? सहा वर्षांची होती. पोलीस मला घेऊन चालले, आणि हिने मूठ वर करून..." सगळी गोष्ट सांगितली. एका पायातल्या मोज्यासकट. "आणि जीप वळली!"

"आनि मंग?" हिराबाय म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मग काय? जीप गेली."

"मग मी पलंगाखाली जाऊन बसले, बाबा," मी म्हणाले. "गठ्ठ्यांमागे. दुसऱ्या दिवसापर्यंत. मला भीती वाटली होती."

बाबांनी खुर्ची मागे सरकवली.

"हे कुणी शिकवलं तुला? या डॉक्टर लोकांनी?"

"आईला विचारा."

त्यांनी विचारलं नाही. आई दाराशी उभी होती, आणि ती खाली मान घालून उभी होती हेच उत्तर होतं.

"बाबा, तुमचं पहिलं पत्रक आठवतं? सायरन बंद करणाऱ्या माणसाची जागा रद्द केली होती ते? माझ्या डोक्यात तसं झालंय. सायरन चांगला आहे. बंद करणारा माणूस नाही."

बाबा शबनमचा पट्टा अंगठ्याने चोळत राहिले. मला वाटलं, आता भाषण. मला वाटलं, 'मध्यमवर्गीय चोचले'.

"ती जागा नंतर भरली त्यांनी," ते म्हणाले. "आपण भरायला लावली."

"माहीत आहे."

"वेळ लागला. पण लावली."

"हो."

"याला... किती लागतो?"

"मॅडमनाही माहीत नाही."

त्यानंतर आमच्यात फार बोलणं झालेलं नाही. मी घरी आले, गोळ्या चालू आहेत, मॅडमकडे जाते, काही दिवस बरे जातात आणि काही दिवस दाराची बेल काढून ठेवावी लागते. बाबांनी ती गोष्ट सांगणं बंद केलंय. मध्ये एका सभेत कुणीतरी आग्रह केला तर म्हणाले, "राहू द्या." त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं आणि ते मी घेतलं, हे मला रोज टोचतं. तरी सांगते, तुमच्या घरातही अशी एखादी टाळ्यांची गोष्ट असेल, तर ती संपल्यावर मूल कुठे गेलं ते विचारा. मूल तुम्हीच असाल तरी विचारा. आणि मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, कुणालाही. हे बोलल्याने लढा कमजोर होत नाही. कमजोर करणारं दुसरं बरंच काही आहे, त्यावर मी वेगळं लिहीन.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. आमच्या पद्धतीने त्यांची मूठ खांद्यापर्यंत आली, आणि तिथेच राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती उघडली, तो हात कुठे ठेवावा ते कळेना म्हणून शबनम सावरली.

"येतो," ते म्हणाले.

मग कान लाल झाले त्यांचे. हिराबायकडे बघून, जणू खुलासा द्यायलाच हवा, म्हणाले, "शब्दाने काही होत नसतं. तरी."

ते गेले. त्यांच्या पायांचा आवाज जिन्याकडे वळला आणि माझे हात गार पडले, तोंड कोरडं झालं, सगळं नेहमीसारखं. शरीराला अजून काही कळलेलं नव्हतं. हिराबाय भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या, नर्स दुसऱ्या टोकाला होती, आणि मला एकटीलाच ते ऐकायचं होतं. सायरन वाजत होता. मी पलंगाखाली गेले नाही. वरच बसले, दोन्ही हात गादीवर टेकून, आणि बंद करणाऱ्या माणसाची वाट पाहिली.

तो उशिरा आला. चहाची ट्रॉली येऊन गेल्यावर. पण आला.